एकशे अठरा लग्ने आणि एक प्लेअर

सातिवलीच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात हरेश नथू भोईर याला स्टोअर सांभाळून तेहतीस वर्षे झाली होती. सहा मिलिमीटरचा वॉशर मागा की दोन इंची व्हॉल्व्ह, तो मान वर न करता रॅक नंबर आणि खण सांगे. प्रत्येक खणावर त्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, तीही निळ्या शाईने आणि एकाच आकाराच्या अक्षरात. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते आणि त्याच्यामागे हे स्टोअर कोण बघणार याची काळजी मालकाला त्याच्याहून जास्त होती.

घरी, जूचंद्रला, त्याचे दुसरे स्टोअर होते. ते गाण्यांचे. पहिल्या पगारातून त्याने टेपरेकॉर्डर घेतला तेव्हापासून तो आवाज गोळा करत आला होता. गावोगावची भजनी मंडळे, मिठागरावरच्या बायकांची गाणी, रेडिओवरून उतरवलेली जुनी नाट्यगीते, होळीची, गौरीची, बारशाची गाणी. साडेसहाशे कॅसेटी भरल्यावर त्याने त्या संगणकावर चढवायला घेतल्या, तेही रोज संध्याकाळी दोन तास, सात वर्षे. शेवटी अकरा हजार फाईली झाल्या. बायको म्हणायची, एवढं ऐकायला आणखी एक जन्म घ्यावा लागेल, आणि त्या जन्मी मी नाही. हरेश हसून सोडून द्यायचा.

या सगळ्यातला सर्वांत मोठा रॅक त्याच्या आईचा होता. बायजाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजी येतो आणि जातो, पण मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंतचा प्रत्येक विधी धवलारीण गाऊन लावते. तिचा धवला चालू झाल्याशिवाय उंबराची फांदी मांडवात येत नाही आणि तिचा धवला संपल्याशिवाय नवरा पाटावरून उठत नाही. नायगाव, चंद्रपाडा, ससूनवघर, कामण, या सगळ्या पट्ट्यात चाळीस वर्षे बायजाबाईंचा शब्द चालत होता. हरेश टेप घेऊन त्यांच्यामागून जायचा. अशी एकशे अठरा लग्ने त्याने टिपली होती.

दिवाळीनंतर बायजाबाईंना झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. समजत सगळे होते, पण तोंडातून मोठ्या कष्टाने एखादाच शब्द सुटे आणि सूर तर मुळीच लागत नसे. वय एक्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितले, आहे हे चांगले आहे असे समजा.

पण झटक्याच्या आधीच, गणपतीत, त्यांनी चंद्रपाड्याच्या हेमांगीच्या मुलाचे, आयुषचे लग्न लावून द्यायचे कबूल केले होते. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी हेमांगी घरी आली. बायजाबाईंच्या पायाला हात लावून बसली, थोडी रडली, मग पदराने नाक पुसून मुद्द्यावर आली. लग्नाला चोवीस दिवस होते. उरणकडची एक धवलारीण यायला तयार होती.

जागृती दारातच उभी होती. ती हरेशच्या मोठ्या भावाची मुलगी, वय अठ्ठावीस, विरारला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायच्या खिडकीवर बसायची. लहानपणापासून आजीच्या मागे मागे लग्नांना गेलेली आणि मागच्या ओळी धरणाऱ्या बायकांत बसून गायलेली. ती सरळ पुढे आली आणि म्हणाली, आजीच्या जागी मी उभी राहीन.

हेमांगीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिले. "तुला येतं?"

"शिकते."

"मोबाईल हातान धरून गाशील तं मना नाय चालाचं. आमच्या घरान तीन पिढ्यांची लग्नं बायजाबायनी लावलीत. तुजं बगून लोक हसले तं माज्या पोराच्या लग्नाला हसतील."

शेवटी ठरले ते असे. लग्नाच्या आठ दिवस आधी हेमांगी पुन्हा येणार. जागृती गाणार, बायजाबाई ऐकणार. त्यांनी मान हलवली तर जागृती, नाही तर उरणला फोन. बायजाबाईंनी डावा हात वर करून याला होकार दिला. हरेशला एक गोष्ट लख्ख दिसत होती. एकदा उरणची बाई आली की पुढच्या लग्नालाही तीच येणार, आणि आईचे धवले त्याच्या हार्डडिस्कवर राहतील, कोणाच्या तोंडी नाही.

अडचण अशी की जानेवारीतच त्याचा जुना संगणक बसला होता. नवीन लॅपटॉप आला होता, पण पंधरा वर्षे ज्या प्लेअरवर तो गाणी ऐकत होता तो नव्या यंत्रावर चालेना. अकरा हजार फाईली समोर आणि वाजवायला धड साधन नाही. तेव्हा हरेशने कारखान्यात जे केले असते तेच केले. तीन नमुने मागवायचे, निकष ठरवायचे, गुण द्यायचे आणि जास्त गुणांचा घ्यायचा. त्याने सोळा निकषांचा तक्ता आखला. किती वेळात उघडतो, देवनागरी नावे नीट दाखवतो का, शोध कसा आहे, फोल्डरप्रमाणे लावतो की गायकाप्रमाणे, वीज गेली तर यादी टिकते का. एकूण गुण शंभर.

पहिला प्लेअर दिसायला फार देखणा होता. त्याने एका तासात सगळा संग्रह गिळला आणि मग, कोणी न विचारता, इंटरनेटवर जाऊन प्रत्येक गाण्याची माहिती शोधून आणली. ससूनवघरच्या हळदीच्या धवल्यावर एका पिवळ्या केसांच्या गिटारवाल्याचा फोटो येऊन बसला. बायजाबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि जागृतीकडे बघून भुवया उंचावल्या. जागृती म्हणाली, "आजी, हा तुझ्यामागे ओळ धरायचा वाटतं." बायजाबाईंच्या तोंडाचा डावा कोपरा हसला. झटका आल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या, म्हणून हरेशने त्या प्लेअरला दोन गुण जास्त दिले. पण पुढे त्या प्लेअरने एकोणीसशे फाईली दुबार म्हणून दाखवल्या आणि पुसू का असे विचारले. तेलाचा धवला एकशे अठरा लग्नांत एकशे अठरा वेळा होता ना, त्याला ती सगळी एकच वस्तू वाटली. हरेशने घाईघाईने नाही म्हटले आणि तो प्लेअर काढून टाकला.

दुसरा भराभर चालायचा, पण सगळे अकारविल्हे लावायचा. त्याच्या हिशेबाने हळद शेवटी आणि वरात आधी. तिसरा मात्र चोख निघाला. फोल्डर जसेच्या तसे, क्रमांक जसेच्या तसे, देवनागरी स्वच्छ, शोध चटकन. मध्ये एक चौथाही त्याच्या नजरेखालून गेला होता. राखाडी खिडकी, चित्र नाही, बटणे जुन्या कॅल्क्युलेटरसारखी. तो त्याने न उघडताच बाद केला होता. तिसऱ्याला शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण मिळाले. हरेशने तक्ता छापला, खाली सही केली आणि फाईलला लावला.

आता रोज संध्याकाळी जागृती कामावरून आली की समोर बसायची. बायजाबाई खुर्चीत, हरेश लॅपटॉपजवळ. मांडवाचा धवला, घाण्याचा, तेलाचा, हळदीचा, एकामागून एक, ओळीने. प्रत्येक फाईल स्वच्छ. हरेशने कॅसेटी चढवताना मधले खोकणे, भांड्यांचे आवाज, बायकांची बडबड, सगळे कापून काढले होते आणि शुद्ध गाणे तेवढे ठेवले होते. एकशे अठरांपैकी प्रत्येक धवल्याची उत्तम प्रत निवडून त्याने एक नमुनेदार लग्नच तयार केले होते. सगळे मिळून एक तास बारा मिनिटे.

जागृतीला बरेचसे आधीच येत होते. सहा दिवसांत तिने ते एक तास बारा मिनिटे तोंडपाठ केले. आवाज खणखणीत, शब्द अचूक. हरेशच्या मनात आले, झाले काम.

नवव्या दिवशी त्यांनी घरातच तालीम केली. पाट मांडला, मुसळ ठेवले, तेलाची वाटी, हळदीचे ताट. शेजारच्या चार बायका नवऱ्याच्या घरच्या झाल्या. जागृतीने तेलाचा धवला धरला आणि मामीने वाटी उचलायच्या आत तो संपला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तिने पुन्हा सुरू केला, तर आता आत्या आधी पुढे आली आणि मामी मागे. कोणीतरी विचारले, आता काय करायचं गो? जागृतीला सांगता आले नाही, कारण ती गात होती. सांगायला थांबली तर सूर गेला. बायजाबाईंनी डावा हात उचलला आणि आडवा फिरवला. बंद.

बायका गेल्यावर जागृती पाटावरच बसून राहिली. रडली नाही, पण आवाज खाली गेला होता.

"काका, गाणी येतात मला. गाण्याच्या मधे काय करायचं ते येत नाही. आजी मधे काय करायची?"

"मधे काही नसतं," हरेश म्हणाला. "मधे नुसती बडबड. मी ती काढली."

हे बोलता बोलताच त्याला काय झाले ते कळले. बायजाबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या नुसत्या बघत होत्या, जसे लहानपणी त्याने मापाचा तांदूळ सांडल्यावर बघायच्या.

तीन तास चाळीस मिनिटांच्या लग्नातून त्याने दोन तास अठ्ठावीस मिनिटे कचरा म्हणून काढली होती, आणि लग्न त्या कचऱ्यात होते. सात वर्षे संध्याकाळी बसून, कानाला हेडफोन लावून, त्याने आपल्या आईचा अर्ध्याहून जास्त धंदा कात्रीने बाजूला केला होता. त्या रात्री तो जेवला नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या सवयीने वाचवली होती. कारखान्यात कुठलीही वस्तू भंगारात काढायची तर मालकाची सही लागते. सहीशिवाय हरेशने आयुष्यात काही फेकले नव्हते. घरच्या स्टोअरला मालक नव्हता, म्हणून सहीही नव्हती, म्हणून न कापलेल्या मूळ फाईली एका जुन्या हार्डडिस्कवर 'कच्चा माल' अशी चिठ्ठी लावून माळ्यावर पडल्या होत्या. सकाळी आंघोळीआधीच तो माळ्यावर चढला.

डिस्क चालू झाली. त्याने ससूनवघरचे एक लग्न लावले, अठ्ठ्याण्णव सालचे. बायजाबाईंचा आवाज आला, भर उमेदीतला, आणि त्या आवाजाच्या आत लग्न चालू होते. तेलाच्या धवल्याच्या मध्येच, सूर न तोडता, त्या म्हणत होत्या, "गो पारू, तेलाची वाटी हिकरं आन." मग दोन ओळी मागे जाऊन पुन्हा धरत होत्या. "मामी आली का नाय गो?" मामी आलेली नसायची. मग मामीचेच नाव धवल्याच्या ओळीत घालून, ती कुठल्या गावची, कोणाची लेक, किती नटते, हे सगळे गात त्या तिला बोलावून घ्यायच्या. बायका हसत, मामी लाजत पुढे येई आणि तेल चढे. चार मिनिटांचा धवला एकवीस मिनिटे चालला होता.

जागृती दात घासायचा ब्रश हातात घेऊन जिन्यात उभी राहून ऐकत होती. "हे," ती म्हणाली. "काका, मला हे पाहिजे."

पण तिसरा प्लेअर, अठ्ठ्याऐंशी गुणांचा, इथे कोलमडला. त्याच्या दृष्टीने कॅसेटच्या एका बाजूची पाऊण तासाची फाईल म्हणजे एक गाणे. मध्येच एखादी जागा पुन्हा ऐकायची तर बोटाने पट्टी सरकवत शोधावी लागे, आणि एकदा बंद केला की पुन्हा सुरुवातीपासून. एकाच लग्नात अशा साठसत्तर जागा. आधी लग्न तुकड्यांत होते तेव्हा अडले होते, आता ते सलग होते तेव्हाही अडले. चौदा दिवस राहिले होते, आणि त्यातले शेवटचे आठ हेमांगीच्या निकालानंतरचे. म्हणजे हातात सहाच.

दुपारी कारखान्यात डबा खाताना सेबेस्टियनने विचारले, चेहरा का असा? सेबेस्टियन पाचूबंदरचा, फिटर, त्याच्याच वयाचा. बापाची बोट होती, भाऊ अजून समुद्रावर जातो, हा मशीनवर आला. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता म्हणून त्याने मटण, मासळी आणि दारू सोडली होती, त्यामुळे जरा जास्तच बोलत होता. हरेशने सगळे सांगितले, तक्ताही दाखवला. सेबेस्टियनने तक्ता हातात घेऊन वाचला.

"सोळा निकष. तू प्लेअर घेतोस की सून बघतोस?"

"मस्करी नको रे."

"बरं, ऐक. आमची क्रुसाची वाट असते ना, शुक्रवारची. चौदा स्थानं. प्रत्येक स्थानाला प्रार्थना, मग गायन, मग पुढे चालायचं. फादरनी एका वर्षी पूर्ण रेकॉर्ड करून दिली, एकच फाईल, दीड तासाची. माझ्या आईला गुडघे नाहीत, ती घरीच बसून करते. तिला चौथं स्थान पाहिजे असेल तर मी काय पट्टी सरकवत बसू? माझ्याकडे जो प्लेअर आहे त्यात खूण लावता येते. हवी तिथे, हव्या तितक्या. नाव देता येतं. दोन खुणांच्या मधलं पुन्हा पुन्हा वाजवतो. हळू करतो आणि आवाज जाड होत नाही. बंद केला तरी खुणा राहतात."

"कुठला प्लेअर?"

सेबेस्टियनने मोबाईलवर फोटो दाखवला. राखाडी खिडकी, चित्र नाही, बटणे कॅल्क्युलेटरसारखी.

हरेशने फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "हा मी न उघडताच बाद केला."

"कशावरून?"

"दिसण्यावरून."

"मग माझ्या बायकोनेही मला तसंच करायला पाहिजे होतं," सेबेस्टियन म्हणाला आणि त्याच्या डब्यातली भेंडी उचलली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस. सेबेस्टियन स्कूटरवर मागे बसून जूचंद्रला आला. येताना पेनड्राइव्ह आणि बायजाबाईंसाठी पापलेटचे दोन तुकडे, स्वतः खात नसतानाही. त्याने लॅपटॉपवर प्लेअर चढवून दिला, खूण कशी लावायची ते दाखवले आणि चहा पिऊन निघाला. जाताना बायजाबाईंच्या समोर वाकून म्हणाला, "मावशी, तुमच्या पोराला अक्कल द्या थोडी, कागद फार झालेत त्याच्याकडे." बायजाबाईंनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

मग काम सुरू झाले. हरेशने स्वतः खुणा लावायचे ठरवले होते, निकषही मनात आखले होते. पण ससूनवघरचे लग्न लावल्यावर पाचव्या मिनिटाला बायजाबाईंनी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. टण. हरेशने वर पाहिले. त्यांनी पुन्हा वाजवला आणि बोट लॅपटॉपकडे केले. तिथे खूण लाव. त्याने लावली. ती जागा मागे जाऊन ऐकली तेव्हा त्याला नुसती बांगड्यांची किणकिण ऐकू आली. जागृतीला मात्र कळले. "वरमाई उठली," ती म्हणाली. "बांगड्या ऐक. ती उठेपर्यंत आजी पुढची ओळ घेत नाही."

टण म्हणजे खूण. एकदा टण म्हणजे इथे गाताना थांबायचे. दोनदा म्हणजे इथे ओळी मागे घ्यायच्या. चमचा पेल्यावर घासला तर कोणाचे तरी नाव घालायची जागा. हरेश प्रत्येक खुणेचे नाव लिहायचा, निळ्या शाईने नाही, पण तितक्याच काटेकोरपणे. 'वाटी येईपर्यंत'. 'आत्या नाही, मामी आधी'. 'हशा होऊ द्यावा'. त्या एका लग्नात ब्याऐंशी खुणा झाल्या. जागृती दोन खुणांमधला तुकडा हळू करून दहा दहा वेळा ऐकायची, मग डोळे मिटून म्हणायची, मग शेजारच्या बायकांना उभे करून, मुद्दाम चुकायला सांगून, त्यांना गाण्यातून ओढून जागेवर आणायची. सोमवारपर्यंत तिला शेजारणींची नावे ओळीत बसवता येऊ लागली. मंगळवारी तिने हरेशचे नाव बसवले, त्याच्या तक्त्यासकट, आणि बायका इतक्या हसल्या की त्याला उठून बाहेर जावे लागले. तो बाहेर जाऊन हसला.

गुरुवारी हेमांगी आली. जागृतीच्या हातात मोबाईल नव्हता, लॅपटॉप बंद होता. तिने तेलाचा धवला घेतला. हेमांगी परीक्षा बघायला म्हणून मध्येच उठून पाणी प्यायला गेली. जागृतीने दोन ओळी मागे जाऊन हेमांगीचे नाव घातले, चंद्रपाड्याची, माहेर कामणचे, तहान लागली तरी तोंडाचा रंग पुसला जाऊ नये म्हणून गडू उंच धरून पिणारी. हेमांगीच्या हातातले पाणी सांडले. बायजाबाईंनी मान हलवली. एकदाच, पण खालपर्यंत.

लग्नाच्या दिवशी चंद्रपाड्याच्या मांडवात दोनशे बायका होत्या. बायजाबाईंची खुर्ची पुढे ठेवली होती. हरेश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, खिशात छोटा रेकॉर्डर चालू. मांडवाचा धवला गेला, घाण्याचा गेला. बायकांनी मागची ओळ धरली, पण हात राखून, बघू या पोरीचं काय होतं अशा बेताने.

तेलाची वेळ झाली आणि आयुषची मामी मांडवात नव्हती. ती नायगावला पार्लरमध्ये होती. फोन केला तर निघाले, निघाले म्हणे. हेमांगीने आपल्या मावशीला पुढे ढकलले, तिनेच तेल लावावे म्हणून. दोन म्हाताऱ्यांनी नाके मुरडली. मामीच पाहिजे. सगळ्यांचे डोळे जागृतीकडे वळले. आणि हरेशने पाहिले, त्याच्या आईने डावा हात खुर्चीच्या हातावर घट्ट धरला आहे. तो हात उचलला जातो की काय, एवढेच तो बघत राहिला.

जागृतीने सूर तोडला नाही. ती दोन ओळी मागे गेली. मग तिने मावशीला नावाने गाऊन पाटाच्या डावीकडे उभे केले, तिचा मान राखून. मग पाटावरच्या नवऱ्याला, मग पाहुण्यांना एकेक करून ओळीत घेतले, कोण कुठल्या गावचे, कोणी किती जेवले. मग वळून मामीवर आली. नायगावच्या पार्लरमध्ये अडकलेली, केस भाजून घेणारी, नवऱ्याचे तेल वाळले तरी जिचा रंग वाळत नाही अशी. पहिल्या हशाला म्हाताऱ्या सामील झाल्या. दुसऱ्या हशाला सगळा मांडव. कोणी तरी हे फोनवरून मामीला ऐकवले. अकरा मिनिटे धवला तिने हातात धरून ठेवला, आणि बाराव्या मिनिटाला मामी रिक्षातून उतरून धावत आली, एका बाजूचे केस कुरळे आणि दुसऱ्या बाजूचे सरळ, आणि येता येताच ओळीत घुसून स्वतःच मागची ओळ गाऊ लागली. जागृतीने तिला जागेवर आणले, वाटी तिच्या हातात जाईपर्यंत ओळ फिरवली आणि तेल कपाळाला लागले त्याच क्षणी धवला खाली ठेवला.

आता दोनशे बायका हात न राखता गात होत्या. त्यात हेमांगीचा आवाज सर्वांत वर होता. बायजाबाईंचा हात खुर्चीवरून सुटला होता आणि मांडीवर ताल धरत होता. हरेशने खांब सोडला आणि सरळ उभा राहिला. त्याला आठवेना, शेवटचे असे ताठ कधी उभे राहिलो होतो.

हळद उतरल्यावर मानाचे लुगडे आले. हिरवे, जरीकाठी, वर नारळ आणि तांदूळ. हेमांगीने ते रीतीप्रमाणे बायजाबाईंसमोर धरले. बायजाबाईंनी त्याला हात लावला, काठ दोन बोटांत धरून पाहिला, आणि मग मोठ्या कष्टाने, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "तिला."

जागृती आजीच्या पाया पडायला वाकली तोवर मागे तिघी जणी येऊन उभ्या होत्या. ससूनवघरची एक, कामणच्या दोन. वैशाखातल्या लग्नांची बारीक चौकशी चालू झाली, कुठली तारीख मोकळी, कुठली नाही. जागृतीने लुगडे खांद्यावर टाकले आणि मोबाईल काढून तारखा बघू लागली.

"सतरा तारीख गेली," ती कामणच्या बाईला सांगत होती. "एकोणीसला चालेल? पण मामीला आधीच सांगून ठेवा, पार्लर आदल्या दिवशी."